वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : इंजिनातून येणारी शिट्टी

इंजिनातून शिट्टीसारखा आवाज येत असल्याची तक्रार करणारी बरीच पत्रे या सदराकडे साठली होती. त्यांपैकी एकमेकांहून वेगळी असलेली काही पत्रे निवडून, थोडी संक्षिप्त करून, येथे उत्तरांसह देत आहे. बहुतेक पत्रलेखकांनी गाडी किती वर्षांची आहे आणि किती किलोमीटर चालली आहे हे आवर्जून कळवले आहे; मात्र आवाज नेमका केव्हा येतो, केव्हा थांबतो आणि कशाबरोबर वाढतो, हे निम्म्या पत्रांत नाही. निदान करताना पहिल्या माहितीपेक्षा ही दुसरी माहिती कितीतरी अधिक कामाची असते, कारण शिट्टी बहुधा हवेची, बेल्टची किंवा बेअरिंगची असते आणि या तिघांच्या वाजण्याच्या वेळा वेगवेगळ्या असतात.

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी सर्व्हिसिंगहून आल्यापासून, ती उभी असताना आणि इंजिन चालू असताना, बॉनेटमधून बारीक शिट्टी ऐकू येते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती जवळजवळ नाहीशी होते. आयडलिंगचा, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता चालणाऱ्या इंजिनाचा, वेग पूर्वीपेक्षा वाढल्यासारखा वाटतो आणि काही दिवसांनी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवाही लागला. गॅरेजमध्ये इंजेक्टर साफ करून घेण्याचा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?

उत्तर : एवढ्यात मानू नये. इंजेक्टर तुंबले तर इंजिन अडखळते, पिकअप कमी होतो, पण त्यामुळे शिट्टी वाजत नाही. आपण दिलेली लक्षणे इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या, बाजूला कुठेतरी बाहेरची हवा आत ओढली जात असल्याची आहेत. पेट्रोल इंजिन आयडलिंगवर असताना थ्रॉटलची, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त करणारी, झडप जवळजवळ बंद असते आणि सिलिंडर मात्र हवा ओढतच असतात. त्यामुळे झडपेच्या पलीकडे, मॅनिफोल्डमध्ये, दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच उतरतो. सुस्थितीतील इंजिनात समुद्रसपाटीवर हा व्हॅक्युम साधारण १७ ते २२ इंच पारा भरतो आणि दर हजार फूट उंचीमागे सुमारे एक इंचाने कमी दिसतो. आतला दाब बाहेरच्या दाबाच्या ५३ टक्क्यांखाली गेला की फटीतून आत शिरणाऱ्या हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला भिडतो, आणि आयडलिंगला तो सहज तेवढा उतरलेला असतो. एखाद्या होजला गेलेली केसाएवढी चीरही एवढी कर्कश वाजते ती यामुळे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की झडप उघडते, व्हॅक्युम घटतो आणि शिट्टी विरते.

सर्व्हिसिंगनंतर सुरू झालेल्या कोणत्याही आवाजाचा शोध, त्या वेळी ज्या भागांना हात लागला तेथूनच सुरू करावा. एअर फिल्टर बदलला असेल तर डब्याच्या सगळ्या क्लिपा बसल्या आहेत का आणि फिल्टरची रबरी कड खाचेत नीट आहे की एखाद्या कोपऱ्यात दुमडली आहे, हे पाहावे. डब्यापासून थ्रॉटल बॉडीपर्यंत जाणाऱ्या जाड रबरी पाइपाच्या घड्या बोटांनी फाकवून पाहाव्यात. चीर असली तर ती घडीच्या तळाशी असते आणि वरून पाइप अगदी धडधाकट दिसतो. हा भाग थ्रॉटलच्या अलीकडचा असल्याने तेथील फट आयडलिंगला सहसा मोठ्याने वाजत नाही, पण सेन्सरने न मोजलेली हवा मात्र आत सोडते. थ्रॉटल बॉडी उतरवून साफ केली असेल तर तिचे जुने पॅकिंगच पुन्हा बसवले गेले का, हे विचारावे. त्याखालोखाल संशय मॅनिफोल्डला जोडलेल्या बारीक होजांचा. काम करताना एखादी होज बाजूला सारली जाते आणि परत लावायची राहते, किंवा उष्णतेने कडक झालेले तिचे टोक तडकते. ब्रेक बूस्टरकडे जाणारी जाड होज, पेट्रोलच्या टाकीतील वाफा इंजिनात आणणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हची होज आणि क्रँककेसमधील, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कप्प्यातील, वाफा परत आणणारी होज, या तिन्ही आधी तपासाव्यात.

जागा कानाने शोधण्यासाठी पाऊण मीटर लांबीची साधी रबरी नळी पुरते. तिचे एक टोक कानाशी धरावे, आत खुपसू नये, आणि दुसरे टोक मॅनिफोल्डच्या जोडांवरून व होजांवरून सावकाश फिरवावे. उघड्या कानाला सगळ्या बॉनेटभर पसरलेली वाटणारी शिट्टी, नळीचे टोक गळतीसमोर आले की एकदम टोकदार होते आणि बोटभर बाजूला सरकताच मंदावते. संशयित होज नरम असेल तर ती क्षणभर चिमटीत दाबून पाहावी; शिट्टी थांबली आणि इंजिनाचा वेग बदलला, तर त्या होजेवरच किंवा तिच्या पलीकडच्या भागात गळती आहे. हे करताना गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, बाह्या वर केलेल्या, केस बांधलेले आणि हातातले कडे किंवा घड्याळ काढून ठेवलेले असावे. रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा कोणतीही सूचना न देता सुरू होतो, हेही लक्षात ठेवावे.

काही जण गळती शोधण्यासाठी गरम इंजिनावर कार्ब्युरेटर क्लीनर फवारतात आणि इंजिनाचा आवाज बदलतो का ते ऐकतात. युक्ती जुनी आहे आणि चालतेही, पण एक्झॉस्ट मॅनिफोल्ड शेजारीच तापलेला असताना पेट घेणारा द्रव फवारण्याचा सल्ला मी वाचकांना देणार नाही. गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून मिळते. इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये अगदी कमी दाबाने, साधारण एक पीएसआय किंवा त्याहूनही कमी, धूर सोडतात आणि तो जिथून बाहेर पडतो तिथे गळती. यात तर्काला जागा उरत नाही, म्हणून घरच्या तपासणीत काही सापडले नाही तर पुढचा खर्च यावर करावा.

पिवळ्या दिव्याचे कारण स्कॅनरवर पाहावेच. पी०१७१ हा कोड मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी असल्याचे सांगतो. व्ही आकाराच्या इंजिनात दुसऱ्या बाजूसाठी पी०१७४ असतो. कोडपेक्षा बोलका आकडा फ्युएल ट्रिमचा, म्हणजे मिश्रण सुधारण्यासाठी इंजिनाचा संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो त्याचा. आयडलिंगला तो अधिक १५ ते २० टक्के आणि २,५०० आरपीएमला शून्याच्या आसपास येत असेल, तर व्हॅक्युमची गळती जवळपास नक्की समजावी, कारण इंजिन जास्त हवा ओढू लागले की चोरून शिरणाऱ्या हवेचा वाटा नगण्य होतो. उलट वेग आणि भार वाढल्यावर ट्रिम वाढत असेल तर इंधनाचा पुरवठा, म्हणजे पंप, फिल्टर आणि मग इंजेक्टर, पाहावेत. हवा न मोजता मॅनिफोल्डमधील दाबावरून हिशेब करणाऱ्या गाड्यांत मात्र ट्रिम फारसा हलत नाही, आयडलिंगच वाढते. त्यामुळे आकडा साधा दिसला म्हणून गळती नाही असे ठरवू नये.

सापडलेली होज चिकटपट्टी गुंडाळून चालवू नये. इंजिनाच्या उष्णतेत पट्टीचा डिंक वितळतो आणि पुढच्या वेळी शोधणाऱ्याला चीर दिसतही नाही. चीर टोकालाच असेल आणि लांबी पुरत असेल तर तेवढा भाग कापून होज पुन्हा बसवता येते. हा तात्पुरता पण प्रामाणिक उपाय आहे. नवी होज घेताना ती व्हॅक्युमसाठीचीच घ्यावी. साधी पाण्याची नळी व्हॅक्युमने आत ओढली जाऊन चपटी होते.

प्रश्न : इंजिनाच्या खालच्या बाजूने सतत शिट्टी येत होती. क्रँकशाफ्टचे ऑइल सील वाजते असे सांगून गॅरेजने ते बदलले. काही काळ शांतता होती, आता आवाज पुन्हा सुरू झाला आहे. एक चमत्कारिक गोष्ट अशी की, ऑइल भरायचे झाकण उघडले की शिट्टी तत्काळ थांबते.

उत्तर : ही चमत्कारिक गोष्ट म्हणजेच निदान आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार येथे झालेला दिसतो. सील वाजत होते हे खरे, पण दोष सीलचा नव्हता.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडे वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतच असतात. ते साचून दाब वाढू नये म्हणून पीसीव्ही व्हॉल्व्ह त्यांना मोजून-मापून मॅनिफोल्डमध्ये सोडतो. आजकालच्या अनेक इंजिनांत या व्हॉल्व्हमध्ये रबराचा पातळ पडदा असतो आणि बऱ्याचदा तो व्हॉल्व्ह कव्हरमध्येच बसवलेला असतो. पडदा फाटला की मोजमाप संपते आणि मॅनिफोल्डचा संपूर्ण व्हॅक्युम क्रँककेसवर येतो. मग बाहेरची हवा जिथून जमेल तिथून आत येऊ पाहते. कधी पडद्याच्या झाकणावरील बारीक छिद्रातून, तर कधी क्रँकशाफ्टच्या सीलच्या ओठाखालून, आणि तो ओठ थरथरून वाजतो. आपण झाकण उघडता तेव्हा हवेला मोठी वाट मिळते, व्हॅक्युम मोडतो आणि सील गप्प बसते. नव्या सीलचा ओठ ताठ होता तोवर तो तग धरून राहिला, इतकेच.

खात्री करण्यासाठी आयडलिंगवर झाकण काढताना किती जोर लागतो ते पाहावे. निरोगी इंजिनात तोंडावर ठेवलेला कागद अलगद धरला जातो किंवा किंचित फडफडतो. पडदा फाटलेला असेल तर झाकण आतून कोणी ओढून धरल्यासारखे घट्ट लागते. झाकण काढल्यावर इंजिन अडखळणे हा मात्र पुरावा मानू नये, ते अनेक चांगल्या गाड्यांतही होते. पडद्याजवळचे छिद्र दिसत असेल तर त्यावर क्षणभर बोट ठेवावे; शिट्टी बंद पडली तर आणखी काही तपासायचे उरत नाही. काही गाड्यांत पडदा सुटा मिळतो, काहींत संपूर्ण व्हॉल्व्ह कव्हर घ्यावे लागते, आणि याबाबत आपल्या मॉडेलच्या पार्ट्स कॅटलॉगवरच विसंबावे. दुरुस्ती पुढे ढकलली तर ऑइल मॅनिफोल्डमध्ये ओढले जाऊन जळू लागते आणि नव्याने बसवलेले सीलही खराब होते.

प्रश्न : माझ्या टर्बो डिझेल गाडीत चढावर किंवा ओव्हरटेक करताना मोठी शिट्टी येते, पिकअप मिळत नाही आणि मागून काळा धूर निघतो. आयडलिंगला काहीच आवाज नसतो. टर्बो बदलावा लागेल असे सांगितले जात आहे.

उत्तर : टर्बोवर जाण्यापूर्वी त्याच्या पाइपांवर जावे. पहिल्या उत्तरातील तर्क डिझेलला तसाच लागू पडत नाही, कारण तेथे हवेचा पुरवठा थ्रॉटलने आवळून आयडलिंग साधलेले नसते आणि मॅनिफोल्डमध्ये तसा व्हॅक्युमही नसतो. आपल्या गाडीत नेमके उलटे होत असावे : टर्बोने दाबलेली हवा इंजिनात पोहोचण्याआधीच वाटेत बाहेर निसटते आहे. भार पडला की बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला दाब, वाढतो आणि फटीतून शिट्टी किंवा फुसकारा येतो. हवा कमी पडल्याने डिझेल पूर्ण जळत नाही, त्याचाच काळा धूर होतो. स्कॅनरवर पी०२९९, म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी बूस्ट, हा कोड मिळाल्यास हा संशय बळावतो.

टर्बोच्या तोंडापासून इंटरकूलरपर्यंत (दाबलेली हवा थंड करणारा भाग) आणि इंटरकूलरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा प्रत्येक जोड हाताने चाचपून पाहावा. या वाटेने जाणाऱ्या हवेबरोबर ऑइलचा हलका अंश असतोच; त्यामुळे गळतीच्या जागी बाहेरच्या बाजूला ओलसर, धूळ धरलेला काळा डाग पडतो आणि दिव्याच्या उजेडात तो चटकन ओळखू येतो. रबरी होज खालच्या बाजूने, जिथे ती एखाद्या ब्रॅकेटला घासते, तिथे फाटलेली असते. इंजिन बंद असताना ही चीर मिटलेली असते, दाब आल्यावरच ती तोंड उघडते, म्हणून नुसते पाहून समाधान मानू नये. गॅरेजमध्ये टर्बोच्या आधीचा पाइप बंद करून नियंत्रित दाबाची हवा आत सोडतात आणि जोडांवर साबणाचे पाणी लावतात. बुडबुडे जिथे उठतील तिथे गळती. हवेचा दाब गाडीच्या ठरलेल्या बूस्टच्या वर नेऊ नये, अन्यथा चांगले जोडही सुटतात.

टर्बो असलेल्या गाडीत वेग घेताना हलकी शीळ ऐकू येणे दोष नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो, लहान टर्बोत तर दोन लाखांच्याही पुढे, आणि तेवढ्या वेगाने फिरणारी पाती अगदी नि:शब्द कशी राहतील? चिंता करावी ती आवाज बदलल्यावर. हलकी शीळ जाऊन सायरनसारखा चढत जाणारा, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर उतरत जाणारा आवाज येऊ लागला, तर बेअरिंग झिजले आहे किंवा पात्यांना इजा झाली आहे. इंजिन थंड असताना हवेच्या बाजूचा पाइप काढून दांडा बोटांनी हलवून पाहता येतो : आडव्या दिशेने अगदी किंचित खेळ असणे साहजिक आहे, कारण बहुतेक टर्बोंत दांडा ऑइलच्या थरावर तरंगतो; पण पुढे-मागे होणारी हालचाल हाताला जाणवू नये आणि पात्यांची टोके आवरणाला घासल्याच्या खुणा तर मुळीच दिसू नयेत.

टर्बो खरोखरच गेला असेल तर तो का गेला, याचे उत्तर मिळाल्याशिवाय नवा बसवू नये. जुने, घट्ट झालेले ऑइल, कार्बनने अरुंद झालेला ऑइलचा पाइप किंवा फाटक्या एअर फिल्टरमधून आलेला कचरा ही नेहमीची कारणे असून, ती तशीच ठेवली तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो. सायरनसारख्या आवाजाबरोबर निळा धूर दिसू लागल्यास डिझेल गाडी चालवणे तत्काळ थांबवावे. टर्बोचे सील फुटून ऑइल इनटेकमध्ये गेले, तर इंजिन त्या ऑइलवरच चालू राहून बेकाबू होऊ शकते आणि किल्ली फिरवूनही बंद होत नाही.

प्रश्न : सकाळी गाडी सुरू केली की मिनिटभर कर्कश शिट्टी येते, विशेषतः दमट हवेत. हेडलाइट आणि एसी एकदम लावला की आवाज वाढतो. मी बेल्ट नवा बसवून घेतला तरी फरक पडलेला नाही. बेल्टवर मारायचा स्प्रे वापरावा का?

उत्तर : स्प्रे वापरू नये. त्याने चार दिवस आवाज दबतो, पण चिकट थरावर धूळ बसून बेल्ट आणि पुलीच्या खाचा दोन्ही खराब होतात.

विजेचा भार वाढल्यावर आवाज वाढतो, याचा अर्थ अल्टरनेटर फिरवायला जास्त जोर लागतो आणि तेवढा जोर बेल्टला पेलवत नाही, तो घसरतो. नवा बेल्टही घसरत असेल तर त्याला ताण देणारा टेन्शनर कमकुवत झाला असण्याची शक्यता सर्वाधिक. इंजिन चालू असताना टेन्शनरचा हात दुरूनच पाहावा. तो सतत थडथडत असेल तर त्याची स्प्रिंग किंवा डँपर गेला आहे. अल्टरनेटरला एका दिशेने मोकळी फिरणारी पुली असेल आणि ती अडकली असेल, तरीही असाच आवाज येतो.

पाण्याची एक साधी चाचणी आहे. आवाज येत असताना, हात लांब ठेवून, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर पाण्याचा हलका फवारा मारावा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. आवाज क्षणभर जाऊन परत आला, आणि तो सलग न राहता चिमणीसारखा तुटक येत असेल, तर पुल्या एका रेषेत नाहीत. अशा वेळी बेल्ट कितीही वेळा बदलला तरी उपयोग होत नाही. फवाऱ्याने काहीच फरक पडला नाही तर बेल्ट निर्दोष आहे आणि एखाद्या बेअरिंगकडे वळावे. इंजिन बंद करून, बेल्ट उतरवून, प्रत्येक पुली हाताने फिरवली की खराब बेअरिंग बोटांना खरखरीत लागते किंवा डुगडुगते. आयडलर, टेन्शनर, अल्टरनेटर, वॉटर पंप या सगळ्यांना ही परीक्षा लागू आहे. बेल्टवर ऑइल किंवा कूलंट ठिबकते आहे का, तेही याच वेळी पाहून घ्यावे, कारण ओला झालेला नवा बेल्ट जुन्याइतकाच घसरतो.

बेल्टला भेगा नाहीत म्हणून तो चांगला, हा निकष आता उरलेला नाही. हल्लीचे बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात आणि ते भेगा न पडताच टायरप्रमाणे झिजतात, म्हणून खाचांची खोली मोजून पाहावी लागते.

प्रश्न : ब्रेक दाबून धरला असताना पेडलच्या मागून सतत हवेचा आवाज येतो आणि इंजिनही थोडे थरथरते. हे इंजिनाचे दुखणे आहे की ब्रेकचे?

उत्तर : दोन्हींचे, आणि या अंकातील सर्व पत्रांमध्ये तातडीचे. ब्रेक बूस्टर पायाचा जोर वाढवण्यासाठी व्हॅक्युम वापरतो. त्याचा आतला पडदा फाटला की पेडल दाबताच बाहेरची हवा त्यातून मॅनिफोल्डमध्ये जाते आणि इंजिन थरथरते. पेडल दाबताना क्षणभर हलका फुसकारा येणे साधे आहे, दाबून धरल्यावर तो सुरूच राहणे साधे नाही. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबावे म्हणजे ते कडक होईल. मग त्यावर पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. बूस्टर चांगला असेल तर पेडल किंचित खाली जाते. ते जागचे हलले नाही तर गाडी स्वतः चालवत गॅरेजला नेऊ नये, टो करून न्यावी. बूस्टर निकामी झाल्यावर ब्रेक लागतो, पण त्यासाठी इतका जोर द्यावा लागतो की अचानक थांबायची वेळ आली तर पाय कमी पडतो.

प्रश्न : थंड इंजिन सुरू केल्यावर शिट्टी आणि टिकटिक असा मिश्र आवाज येतो, गरम झाल्यावर जातो. आपोआप जात असल्याने दुर्लक्ष केले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. हे लक्षण बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पॅकिंगचे, तुटलेल्या स्टडचे किंवा मॅनिफोल्डला गेलेल्या चिरेचे असते. धातू तापून प्रसरण पावतो आणि फट तात्पुरती मिटते. जोडाजवळ काजळीचा काळा पट्टा दिसतो का ते पाहावे. एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, आणि बॉनेटखालची हवा एसीच्या झडपांतून केबिनमध्ये येऊ शकते. दुरुस्ती होईपर्यंत बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

प्रश्न : इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी फक्त केबिनमध्ये ऐकू येते, बॉनेट उघडून ऐकले तर काहीच नाही.

उत्तर : म्युझिक सिस्टिम बंद करून पाहावी. शिट्टी तिच्याबरोबर गेली तर ती स्पीकरमधून येत होती. अल्टरनेटरचा विद्युत गोंगाट अर्थिंगच्या चुकीच्या जोडणीमुळे ध्वनियंत्रणेत शिरतो, आणि नंतर बसवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत हे हमखास होते. अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंगची तार रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्याला घट्ट बसवावी आणि सिग्नलच्या तारा पॉवरच्या तारेपासून दूर न्याव्यात. इंजिनाला हात लावण्याचे कारण नाही.

प्रश्न : ताशी ८० किलोमीटरच्या पुढे शिट्टी सुरू होते. इंजिन की वारा, हे कसे ओळखावे?

उत्तर : मोकळ्या रस्त्यावर त्याच वेगात एक गिअर खाली घ्यावा. इंजिनाचा वेग वाढूनही शिट्टीचा सूर तोच राहिला तर ती इंजिनाची नाही. मग दरवाजांच्या फटी, काचेच्या कडा, आरसे आणि वायपरखालचे प्लॅस्टिक यांवर कागदी चिकटपट्टी एकेका भागाला लावून फेरी मारावी. जी पट्टी लावल्यावर आवाज थांबेल, तेथील रबर बदलावे. रूफ कॅरिअर असेल तर आधी तो उतरवून पाहावा. सुंठीवाचून खोकला जाण्याची शक्यता येथे बरीच असते.

प्रश्न : शिट्टीसाठी आतापर्यंत बेल्ट, टेन्शनर आणि अल्टरनेटर बदलून झाले. आवाज जसाच्या तसा आहे. आता कोणता भाग बदलावा?

उत्तर : आता कोणताच बदलू नये. बदललेले तिन्ही भाग इंजिनाच्या एकाच बाजूचे आहेत, म्हणजे बेल्टच वाजतो हे कोणीतरी सुरुवातीलाच ठरवून टाकले आणि पुढे ते तपासले नाही. थंड इंजिनावर बेल्ट पूर्ण उतरवून इंजिन काही सेकंद चालवून पाहायला सांगावे. अनेक गाड्यांत वॉटर पंप याच बेल्टवर असल्याने त्याहून जास्त वेळ चालवू नये, आणि बॅटरीचा दिवा लागेल त्याची काळजी करू नये. शिट्टी तेव्हाही आली तर बेल्टवर चालणारे सगळे भाग एका फटक्यात संशयातून सुटतात आणि शोध हवेच्या गळतीकडे वळतो. थांबली तर उरलेल्या पुल्या आणि वॉटर पंपाचे बेअरिंग एवढेच पाहायचे राहते.

गॅरेजला जाण्याआधी आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवावा, कारण मेकॅनिकसमोर गाडी नेमकी गप्प बसते, हा अनुभव सर्वांनाच आहे. त्यासोबत चार ओळी लिहून न्याव्यात : इंजिन थंड की गरम, गाडी उभी की चालती, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर वाढते की कमी होते, एसी, हेडलाइट, ब्रेक आणि स्टिअरिंग यांपैकी कशाने फरक पडतो, आणि आवाज सुरू होण्याआधी गाडीचे शेवटचे काम कोणते झाले होते. काम देताना 'अमुक भाग बदला' असे न म्हणता 'हा आवाज शोधा' असे म्हणावे, आणि शोधण्याची मजुरी वेगळी द्यायची तयारी ठेवावी. काढलेले जुने भाग परत मागून घ्यावेत. आपला जुना अल्टरनेटर अजून गॅरेजमध्ये पडून असेल आणि हाताने फिरवल्यावर तो गुळगुळीत फिरत असेल, तर तो टाकून देऊ नये.